कडीच्या डब्यातलं वरचं सप्तक

सप्तकात सूर सात. आपल्याकडे पोरंसोरंही बोटांवर मोजून दाखवतात. इंग्रजीत त्यालाच 'ऑक्टेव्ह' म्हणतात, म्हणजे आठ, कारण ते लोक वरचा सा पुन्हा एकदा मोजतात. एकच सा दोनदा मोजायचा आणि वर तोंड करून जगाला शिकवायचं. या एका फरकापायी मी आमच्या आईला भर हॉलमध्ये तोंडघशी पाडायला निघाले होते. चूक माझी होती हे मी आता कबूल करते. तेव्हा मात्र मी ती आधी इंग्रजांवर ढकलली, मग सचिवकाकांवर आणि शेवटी जर्मेनियमवर.

छत्तीसगढ राज्य नवं नवं झालं होतं. रायपूर झोपलं तेव्हा जिल्ह्याचं गाव होतं, उठलं तेव्हा राजधानी. ऑफिसं आली, पण त्यांना बसायला जागा कुठं होती? जी इमारत रिकामी दिसेल तिच्यावर पाटी ठोकायची, असं चाललं होतं. माझं ऑफिस एका जुन्या दवाखान्यात बसलं. मी तिथं नुकतीच लागलेली कनिष्ठ अभियंता. साहेबांना ऑपरेशन थिएटर मिळालं, बाबू लोकांना जनरल वॉर्ड, आणि मी सगळ्यात शेवटी आले म्हणून मला एक्स-रेची खोली. भिंतींत शिसं, दारात शिसं, खिडकी नाही. दार लावलं की बाहेर जगबुडी झाली तरी आत पत्ता लागायचा नाही. दारावरची 'एक्स-रे' ही पाटी काढायची फाइल अजून फिरत होती, त्यामुळे पेशंट येतच राहायचे. एखादा गावाकडचा माणूस हात गळ्यात बांधून यायचा आणि विचारायचा, "फोटू इहें निकलथे का?" मी नाही म्हटलं तरी तो बाकावर बसून राहायचा. सरकारी माणूस आधी नाहीच म्हणतो, हे त्याला माहीत होतं.

आमचं घर तात्यापाऱ्यात. बाबा रेल्वेत, ड्यूटी बिलासपूरला, रविवारी घरी. एरवी मी आणि आई. आई अमरावतीकडची. लग्न होऊन आली ती आवाज घेऊन आली, असं मंडळातल्या बायका म्हणायच्या. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी अष्टक व्हायचं, म्हणजे आठ कडव्यांचं स्तोत्र. सात कडवी सगळ्या बायका मिळून म्हणायच्या. आठवं मात्र वरच्या सप्तकात चढायचं. तिथं बाकी सगळ्या थांबायच्या आणि फक्त आई उरायची. ती वरच्या सा वर थांबली की हॉलमध्ये कोणी खोकायचंसुद्धा नाही. मी फ्रॉकमध्ये पहिल्या रांगेत बसलेली असायचे आणि मला वाटायचं, ही बाई माझी आहे, बाकी कोणाची नाही.

मग तिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ गेली, आणि वरचं सप्तकही गेलं. बोलणं शाबूत, खालचे सूर शाबूत. पंचमाच्या वर जायला लागली की नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, नस दुखावते कधीकधी. आईनं मंडळात जाणं सोडलं, पेटी पलंगाखाली सारली, रेडिओ कपाटात ठेवला. मी कॉलेजपासून गिटार वाजवायचे, तीही तिला खपेना. "घरात सूर नोको आणू," एवढंच म्हणायची. तीन गणपती असे गेले. आमची आई भांडायला एक नंबर, आणि तिच्याशी भांडायला माझी कधीच हरकत नव्हती. पण ही गप्प बसणारी आई मला सहन होईना.

त्यात मला एका जुन्या मासिकाची झेरॉक्स सापडली. गिटारसाठी ओव्हरड्राइव्हचं सर्किट, सोबत ऑक्टेव्ह. म्हणजे सूर भरडून जाड करायचा आणि त्यातूनच त्याचं वरचं सप्तक काढायचं. झेरॉक्स अशी की अर्धे आकडे काळ्या डागाखाली. ते मी माझ्या अकलेनं बसवले. तत्त्व तसं सोपं आहे. सुराची लाट एकदा वर जाते, एकदा खाली. ट्रान्झिस्टरनं त्या लाटेच्या दोन प्रती करायच्या, एक सुलटी, एक उलटी, आणि दोन डायोड लावून दोन्हींचा फक्त वरचा भाग घ्यायचा. खाली लोंबणारा पदर उचलून खांद्यावर टाकावा तसं. जिथं एक उंचवटा होता तिथं दोन होतात, आणि कान म्हणतो, सूर वर चढला. अट एवढीच की एका वेळी एकच सूर द्यायचा. गिटारच्या दोन तारा सोबत छेडल्या तर आत नुसती मारामारी होते. माणसाचा गळा मात्र एका वेळी एकच सूर काढतो. हे डोक्यात आलं त्या दिवशी मी डबा न खाताच परत आणला.

डायोड जर्मेनियमचे पाहिजे होते. सिलिकॉनचे लावून पाहिले, तर हळू सुराला ते दारच उघडेनात. पंडरीच्या कापडबाजारामागे एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक बसायचे. त्यांनी एका मेलेल्या रेडिओच्या पोटातून काचेचे दोन बारके डायोड काढले आणि माझ्या हातावर ठेवले. "ये रेडियो का कान है बेटी," ते म्हणाले. "पूरी उमर रेडियो ही सुना है इसने. आदत जाएगी नहीं." मी हसले. म्हातारी माणसं बोलतात असं. शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात, आणि मी त्या दिवशी शहाणी नव्हते.

सर्किट बसवायला धातूचा डबा लागतो, नाहीतर घरघर फार येते. माळ्यावर आईचा ॲल्युमिनियमचा कडीचा डबा होता, माहेरचा. त्याला मी न विचारता चार भोकं पाडली. पायानं दाबायचा स्विच रायपुरात मिळेना, म्हणून टेबल लॅम्पचा बसवला. घरात सुराला बंदी, तेव्हा सगळी चाचणी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, एक्स-रेच्या खोलीत दार लावून. पहिल्यांदा ऑक्टेव्ह निघाला तेव्हा मी गिटार घेऊन खुर्चीवरून उठलेच. सूर वर गेला होता. आवाज सर्दी झालेल्या मोरासारखा होता, पण गेला होता वर. दार उघडून पाहिलं तर बाकावरचा हात मोडलेला माणूस निघून गेला होता. शिपाई म्हणाला, "कहिस, मोला फोटू नइ खिंचवाना हे, अउ भाग गे." एक्स-रे असाच ओरडून काढतात असं त्या बिचाऱ्याला वाटलं असणार.

मी डबा घरी आणला आणि आईपुढे ठेवला. सगळं समजावून सांगितलं. तू खाली म्हण, मंडळाच्या माइकची वायर या डब्यात, डब्यातून भोंग्यात, आणि आठव्या कडव्याला मी पायानं स्विच दाबते, की तुझा आवाज वर.

आईनं आधी भोकं पाहिली. "हा माहा डबा होय न?"

"होय."

"म्हंजे मी खालीच म्हणाचं, अन वरचं डबा म्हणीन."

"हव."

"मंग मी काहून पायजे?"

ती उठून भाजी निवडायला गेली. मला असा संताप आला की विचारू नका. तीन महिने मी शिशाच्या खोलीत उपाशी बसले होते, आणि ही बाई मेथी निवडून राहिली. ठीक आहे, म्हटलं. तू नाही तर मी. मी गिटारवर वाजवते ते अष्टक, डबा लावून, आणि आठवं कडवं वरच्या सप्तकात वाजवून दाखवते. त्याच तिरमिरीत मी मंडळाच्या सचिवकाकांना फोन लावला. काका रेल्वेतून रिटायर झालेले, चाळीस वर्षं गाडीच्या शिट्ट्या ऐकून कानानं जरा कमी.

"काका, गणपतीत मी गिटारवर ऑक्टेव्ह वाजवते."

"ऑक्टोबरमदी? गणपती तं सप्टेंबरमदी आहे."

"ऑक्टेव्ह, काका. म्हणजे सप्तक."

"सप्ताह? सात दिवस हॉल नाई भेटनार, पोरी."

"सात नाही, आठ. आठ सूर असतात त्यात. ऑक्ट म्हणजे आठ."

"मंग सरळ अष्टक म्हण न. आपल्या घरचं अष्टक?"

"हव," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आमच्याकडे 'हव' म्हटलं की बोलणं संपतं. छत्तीसगढी माणूसही हव म्हणतो, आमचा वऱ्हाडीही म्हणतो, आणि अर्ध्या वेळेला त्याचा अर्थ एवढाच असतो की, बाबा, आता पुरे कर. काकांनी मात्र तो खरा धरला. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: 'तिसरा दिवस, संध्याकाळी साडेसहा, अष्टक', आणि पुढे आमच्या आईचं नाव. आपल्या घरचं अष्टक म्हणजे आणखी कोणाचं असणार? काकांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

मला हे कळलं तेव्हा तीन काकू आमच्या बैठकीत बसलेल्या होत्या. एकीनं आईचा हात हातात धरला होता. "बरं झालं बाई, आली तू परत. आठवं कडवं ऐकून तीन वर्षं झाली." दुसरीनं डोळे पुसले. आई माझ्याकडे पाहत होती. तिनं काकूंना चहा दिला, कुंकू लावलं, फाटकापर्यंत पोचवलं. मग आत येऊन म्हणाली, "हे तू केलं."

मी सप्तक आणि अष्टक समजावायला लागले. तिनं हातानंच थांबवलं.

"आता नाई म्हणता येत नाई. नाई म्हटलं तं सगळ्याले सांगा लागन, गळा गेला म्हणून. ते मी तीन वर्षं कोणाले सांगतलं नाई." ती बसली. "सात कडवे मी म्हणीन. आठवं तुह्या डब्यानं म्हणावं. अन जर का फसलं, तं मी त्या हॉलची पायरी पुन्हा चढनार नाई. ध्यानात ठेवजो."

मंडळातल्या बायकांना ती गुडघे दुखतात म्हणून येत नाही एवढंच माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तीन वर्षं ही बाई गुडघ्यांचं सोंग करून रस्त्यानं मुद्दाम लंगडत चालत होती, आणि मी तिला तेल आणून देत होते.

शनिवारी मी तिला ऑफिसात नेलं. शिशाच्या खोलीत, माइक हातात देऊन, दार लावून. तिनं खालच्या सुरात आठवं कडवं म्हटलं, मी स्विच दाबला, आणि सर्दी झालेला मोर वरच्या सा वर जाऊन उभा राहिला. एक घरघर नाही, एक खरखर नाही. आईनं डोळे मिटून ऐकलं. "हे मी होय?" तिनं विचारलं. तुझंच आहे, मी म्हटलं. ती म्हणाली, "चालीन. दुरून ऐकलं तं चालीन." दार उघडलं तर बाहेर साहेब उभे होते. मोर त्यांनीही ऐकला होता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "अच्छा है. राजधानी में सब होना चाहिए."

तिसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. माइकवाला ऐन वेळेला आला, त्यामुळे आधी लावून पाहायला वेळच मिळाला नाही. माइकची वायर चांगली लांब, खांबाला गुंडाळून, खिडकीवरून फिरवून आणलेली. मी ती कडीच्या डब्यात खुपसली आणि डबा पायाशी ठेवला. आई बसली.

सात कडवी छान झाली. बायका सोबत होत्या, आईचा आवाज खालचा, जाडसर, पण सुराला पक्का. सातवं संपलं तशा सवयीनं सगळ्या गप्प झाल्या, पदर सावरून ऐकायला बसल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पायानं स्विच दाबला.

आईनं तोंड उघडलं, आणि भोंग्यातून पुरुषाचा आवाज आला: "किसान भाई मन, धियान देवव. धान म माहो दिखत हे."

माहो म्हणजे धानाला लागणारी कीड. साडेसहानंतर रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागतो, हे रायपुरात कोणाला माहीत नाही? माझ्या डोक्यात मात्र त्या क्षणी पंडरीचे म्हातारे उभे राहिले. जर्मेनियमनं ती लांबच लांब वायर, म्हणजे आयती एरियल, पाहिली आणि जन्मभर केलं तेच केलं. रेडिओ ऐकला. शिशाच्या खोलीत रेडिओच्या लाटाच शिरत नव्हत्या, त्याला ऐकायला काही नव्हतं, म्हणून तो तिथं गुणी होता.

आईनं तोंड मिटलं. आवाज चालूच. मागच्या रांगेतले एक आजोबा हात जोडून म्हणाले, "आकाशवाणी झाली." ते थट्टेनं म्हणाले की खरंच, ते मला आजवर कळलेलं नाही.

आई हट्टी. तिनं मांडी घट्ट केली आणि जोरात सूर लावला. तिचा सूर डब्यात शिरला तसा रेडिओवाला दबला, आणि वरचं सप्तक निघालं, मोरासारखं, पण निघालं. हॉलमधल्या सगळ्या माना वर झाल्या. तेवढ्यात ओळ संपली आणि तिनं श्वास घेतला.

"पानी ला निथार देवव," भोंगा म्हणाला.

तिनं दुसरी ओळ धरली. पुन्हा मोर. पुन्हा श्वास. "दवई ला संझा बेरा छिड़कव." आई देवाकडे विघ्न दूर कर म्हणून मागत होती आणि भोंगा मधे मधे औषध सांगत होता. मी स्विच दाबत होते, पण टेबल लॅम्पचाच तो, आत जाऊन बसला, वर येईना. मी त्याला लाथ घातली. डबा कलंडला, कडी वाजली, आणि रेडिओवाला आणखी स्पष्ट झाला. मला रडू येत होतं. तिसऱ्या ओळीला आईचा श्वास पुरेना, कारण ती आता थांबायलाच भीत होती.

मग ती थांबली. तिच्या खांद्याला हात लावायला मी पुढे झाले, मला वाटलं रडते. ती हसत होती. माइक तोंडाशीच होता, त्यामुळे ते हसू डब्यातून वरच्या सप्तकात गेलं आणि भोंग्यातून टिटवी ओरडावी तसं बाहेर आलं. त्यावर पहिली रांग हसली, मग दुसरी, मग अख्खा हॉल. तीन वर्षांत मी तिचं हसू ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते असं.

तिनं माइक खाली ठेवला. डोळे पुसले. "माहा गळा गेला आहे," ती सगळ्यांना म्हणाली, साध्या आवाजात. "ऑपरेशननं. वरचं आता निघत नाई." भोंग्यातला माणूस युरियाबद्दल सांगत होता. माइकवाल्यानं धावत जाऊन त्याचं तोंड बंद केलं.

आणि मग आईनं आठवं कडवं खाली धरलं. खालच्या सा वर, माइकशिवाय. पहिली ओळ ती एकटीच म्हणाली. दुसरीला शेजारची काकू सोबत आली, जरा घाबरतच, कारण आठव्या कडव्यात तिनं जन्मात तोंड उघडलं नव्हतं. तिसरीला सगळ्या बायका होत्या. चौथीला पुरुषही, बेसूर, सचिवकाका तर एक ओळ मागे. एवढ्या वर्षांत ते कडवं पहिल्यांदाच सगळ्यांच्या गळ्यात मावलं.

प्रसाद वाटताना अभनपूरकडे शेत असलेले एक काका आईजवळ आले आणि औषध एकरी किती टाकायचं ते विचारू लागले. नेमका तोच आकडा आईच्या सुराखाली दबला होता. आईनं त्यांना ऐकलेलं नीट सांगितलं, पाणी आधी निथारायचं, मग संध्याकाळी फवारायचं.

आता माझं ऑफिस नव्या रायपुरात आहे. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, खिडक्याच खिडक्या, आणि एकही पेशंट येत नाही. तो डबा आईनं दुसऱ्याच दिवशी मोकळा करून मागितला. भोकं असलेला बरा, म्हणाली, फुलं ताजी राहतात. गणपतीत ती अजून त्यातच फुलं नेते.

अष्टकाच्या त्या संध्याकाळी स्कूटीवर घरी येताना ती मागे बसली होती, डबा मांडीवर. तिच्या लंगडण्याचं काय करायचं, हा मी विचार करत होते. तात्यापाऱ्याच्या वळणावर ती माझ्या कानाशी वाकली.

"तिथं वर कोणीच नसे, बाई," ती म्हणाली. "दरवर्षी सगळ्या खालीच थांबत, अन मी एकटीच."

मी गाडी हळू केली. तीन महिने मी तिला परत तिथंच पाठवायचं यंत्र करत होते.